डावं पुढचं चाक

तिसरा जोड होता हा. चार महिन्यांत तिसरा.
भर्मू पाखरेनं तो माझ्या टेबलावर ठेवला,
म्हाताऱ्याचे पडलेले दात ठेवावेत तसा,
आणि म्हणाला, "बघ की रे, काय खातंय ह्यांना?"

रात्री दोनला बेळगावच्या भाजी मार्केटातून त्याची पिकअप निघते,
रताळी, कोबी, ढबू मिरची.
जांबोटी, कणकुंबी, चोर्ला,
उजाडायला म्हापसा.

कारणं सगळ्यांकडे तयार होती.
हॉटेलवाला नागाप्पा म्हणाला, घाट.
स्पेअर पार्टवाला म्हणाला, समोरच्या दुकानातला डुप्लिकेट माल.
समोरच्यानं बोट दाखवलं गोव्याच्या खाऱ्या हवेकडं.
भर्मूच्या बायकोच्या मते गाडी घेतली तो दिवसच वाईट.
मी म्हणालो, "पाय. ब्रेकवर पाय ठेवून उतरतोस तू."
"नाय ठेवत. सेकंडवर उतरतो. शप्पथ."

पण घाट दोन्ही चाकांना सारखाच.
पायसुद्धा.
उजवीकडचे पॅड अजून निम्मे शिल्लक,
डावीकडं पत्र्याला पत्रा घासलेला,
डिस्क निळी,
गॅसवर विसरलेल्या स्टीलच्या पातेल्यासारखी.

उद्यमबागेत दस्तगीर मेस्त्री सांगायचे,
झिजलेल्याला विचारू नको का झिजलास,
त्याच्या शेजाऱ्याला विचार.

विचारलं.
पिना काढून लाल माती पुसली, सरळ सरकत होत्या.
रबरी टोप्या शाबूत.
पिस्टनला गंज नाही.
जॅक लावून चाक अधांतरी केलं, भर्मूला म्हटलं, दाब.
दाबला.
सोड.
सोडला.
चाक फिरेना.
पाय तर केव्हाच उचललेला,
तो एका हातानं विडी शोधत होता खिशात.

वरच्या पाइपचा नट सैल केला. तसंच.
खालचा निपल अर्धा आटा उघडला,
काळपट तेलाची एक पिचकारी माझ्या मनगटावर,
आणि चाक सुटलं, आपलं आपण पाव फेरा गेलं.

म्हणजे मधला तुकडा. वीतभर रबरी होज.
वरून धडधाकट, ना भेग ना फुगा.
काढला, ब्लेडनं उभा चिरला.
आत एक पदर सुटून आलेला, झडपेसारखा.
पायाच्या जोरानं तेल त्याला ढकलून जायचं,
परत यायला मात्र त्याच्यात जोर नसायचा.
कुसमळीच्या पुलापासून म्हापशापर्यंत
ते एकटं चाक ब्रेक धरून चाललं होतं,
चढावरसुद्धा.

"असं का झालं पण?" भर्मूनं विचारलं.
"वय," म्हणालो मी. तीन वर्षांची गाडी.

पहिला जोड मीच बदलला होता, गणपतीच्या आधी.
तो आपल्या वेळेला झिजलेला, त्यात काही नव्हतं.
कॅलिपर खोलला, आणि होजवरच लोंबत ठेवून
नागाप्पाकडं चहाला गेलो.
तिथं कुणीतरी निवडणुकीचं काढलं. अर्धा तास.
चार किलोचं बीड त्या रबरावर.
दुसऱ्या खेपेलाही तसंच, चहाशिवाय.
मेस्त्रींनी जाताना दिलेला तारेचा आकडा
माझ्या डोक्यामागं खिळ्याला होता दोन्ही वेळा,
त्याच्यावर मी कॅलेंडर अडकवलं होतं.

नवा होज बसवला, हवा काढली.
हात रॉकेलनं धुतले, पुन्हा धुतले.
मग म्हणालो, "भर्मू, वय नव्हे. मी टांगून ठेवलो होतो."

तो बराच वेळ चाकाकडं बघत राहिला.
"चोर्ल्याच्या वळणावर धूर आलता त्या रात्री," म्हणाला.
"पोरगं होतं संगं. कॅनमधलं पाणी ओतलो."
एवढंच.
पैसे विचारले नाहीत. मीही सांगितले नाहीत.

पुलापर्यंत जाऊन आलो दोघं, रिकाम्या गाडीनं.
तो उतरला, वाकला,
डाव्या चाकाला तळहात लावला,
फिरून गेला, उजव्याला लावला,
परत डाव्याकडं आला.