मुक्काम पोस्ट लिंडनेर

लिंडनेरकर म्हटलं की लोक आधी गाव शोधतात.
जामनेर, अमळनेर, पिंपळनेर...
खानदेशात का हो? साक्रीच्या पुढे?
वडील मान हलवायचे,
हो आणि नाही, दोन्हीत बसेल अशी.
दांडिया बाजारातल्या आमच्या खोलीत
कुलदैवताच्या जागी कॅलेंडर होतं.

बडोद्यात आम्ही एकूण सहा घरं.
पाच. नूतनआत्याचं कॅनडाला गेलं.
टेलिफोनच्या जुन्या पुस्तकात
लिंबाचियांची रांग संपली की एकच ओळ,
तीही चुकीच्या नंबरची.

सांगतात ते असं:
आजव्याच्या पंपघरात एक साहेब होता, लिंडनर,
यंत्रांच्या पेट्यांबरोबर जर्मनीहून आलेला,
उन्हानं कान सोललेला.
हजेरीपत्रक ठेवणाऱ्या पागनीस कारकुनांना
नुसतं ‘नर’ अर्धवट वाटलं असावं.
त्यांनी मोडीत लिहिलं, लिंडनेर.
आणि हाताखालच्या माणसांपुढे: लिंडनेरकडील.
लिंडनेरकडील रहिमतुल्ला. लिंडनेरकडील छगन.
लिंडनेरकडील भागोजी, तेलवाला, पगार नऊ रुपये.

मग लढाई लागली.
एका सकाळी पोलीस आले.
पाना नटावर तसाच लटकलेला.
साहेबाला नेलं,
आडनाव न्यायचं राहिलं.

पुढच्या वर्षी भागोजी पोराला शाळेत घालायला गेला.
आडनाव?
आधीचं काय होतं ते त्यानं
पुन्हा तोंडातून काढलं नाही, बायकोपुढेही नाही.
ते ऐकलं की लोक पाणी वरून ओतायचे,
एवढंच नूतनआत्या एकदा बोलली
आणि कणीक जोरात मळू लागली.
अख्ख्या शहराला पाणी चढवणाऱ्या यंत्राला
तेल घालणारा माणूस.
लिंडनेरकर, तो म्हणाला.
मास्तरांनी टाक थांबवला. कुठं आलं हे?
लांब, भागोजी म्हणाला.

माझा पुतण्या निहार श्टुटगार्टला असतो.
आत्या, इथे पावलोपावली लिंडनर गं, म्हणतो.
दातांचा डॉक्टर लिंडनर, पाववाला लिंडनर.
त्यानं नकाशा पाठवला, लाल ठिपक्यांचा,
साक्सनीत गोवर उठल्यासारखा दाट,
वर समुद्राकडे विरळ.
लिंडन हे झाड. त्या झाडापाशी राहतो तो लिंडनर.
त्यांचा ‘अर’ म्हणजे आपला ‘कर’च.
म्हणजे आपण ‘कर’ला पुन्हा ‘कर’ जोडलाय!
तो हसत होता. मी हिशोब करत होते:
दोनदा कुठले तरी,
आणि एकदाही तिथले नाही.

त्याच्या पेटीत पोस्टमन भलत्याच लिंडनरची पत्रं टाकतो,
शेवटचा ‘कर’ वाचायचा कंटाळा करून.
पागनीसांचा कुणी लागत असेल.

झाडाचं पान पाठवलं होतं त्यानं पाकिटातून.
पोचेपर्यंत चुरा.
पिंपळासारखंच असतं म्हणे, फक्त शेपूट नाही.
चुरा मी फेकला नाही; कुठे ठेवला तेही आठवत नाही.

नळाला सहाला पाणी येतं, आजव्याचं.
परवा वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले,
चावी मागायला खाली उतरले, पाटी वाचली,
आणि त्यांच्या ओठांवर तो प्रश्न जमू लागला,
मला ओळखू येतो.
मी फुलपात्र भरून त्यांच्या हातात दिलं.
आधी प्या, म्हटलं.
मग गाव विचारा.