हद्दवाढ

येळ्ळूरच्या गडाखाली पहाटे पाचला
आम्ही चौघं एकमेकांचं मनगट धरून उभे असतो.
लांबून बघणाऱ्याला वाटेल, म्हातारे कसली शपथ घेऊलेत.
तसं काही नाही. ठोके मोजतो.

निंगाप्पा मुतगेकर अडुसष्टचा, त्याचे पन्नास.
माझे एके काळी बेचाळीस.
हा आकडा मी लग्नकार्यांत मिरवला,
फाउंड्रीच्या गेटवर, बँकेच्या रांगेत,
जिथं कुणी विचारला नाही तिथंसुद्धा.

तीस वर्षं उद्यमबागेत पंपाच्या बॉड्या ओतल्या.
काळी वाळू पेटीत ठोकून बसवायची,
लाल रस उतरताना श्वास धरायचा.
सुटी झाली की तोच श्वास घेऊन
पिरनवाडी, मच्छे, पुढं खानापूरच्या वाटेला.
कानडी आकडे मी शाळेत शिकलो नाही,
मैलाच्या दगडांवर शिकलो,
एका किलोमीटरला एक.

गेल्या दिवाळीनंतर देसूरच्या चढावर
छातीत कुणी उलटा हात फिरवला.
दुखलं नाही.
दोन ठोके लगटून, मग मोठी फट,
मग पाच-सहा एकदम, शाळा सुटल्यासारखे.
दगडावर बसलो.
कितवा होता, बघायचं राहिलं.

हिरेमठ डॉक्टरबाई मराठी बोलतात,
मोजतात मात्र कानडीत.
पडद्यावर करडं काहीतरी उघडझाप करत होतं.
‘अज्जा, हा वरचा डावा कप्पा. वाढलाय.
इतकी वर्षं पळालात, रक्त जास्त येत राहिलं,
यानं जागा करून दिली.
ताणलेल्या भिंतीत आता वीज वाट चुकते.’
मी म्हटलं, म्हणजे हद्दवाढ.
बाई हसल्या, आणि मग थांबल्या.
आमच्याकडं हा शब्द नुसता हसून संपत नाही.

झिजलेला पंप मी हात लावून ओळखतो,
हवा धरलेला आवाजावरून.
पण राबून राबून आतून मोठा झालेला
पहिल्यांदाच बघूलोय, आणि तोही माझाच.

रक्त पातळ करायची गोळी आहे, सकाळ-संध्याकाळ.
दाढी करताना खरचटलं तर कापूस बराच वेळ लाल.
चोवीस तासांची पेटी छातीला चिकटवून झोपलो तेव्हा
रेणुका म्हणाली, आपल्या मांडवालासुद्धा
एवढ्या वायरी नव्हत्या.
मध्यरात्री तिनं माझ्या पाठीला कान लावला.
मी झोपलोय असं तिला वाटलं.
पेटीत तेवढ्या वेळापुरती काही नोंद झाली असेल तर
ती आजाराची नव्हे, बाईंना सांगायचं राहिलं.

पळू नका, असं बाई म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, बोलता येईल इतकंच पळा.
चाळीस वर्षं मी गप्प पळालेला माणूस!
आता येळ्ळूरच्या रस्त्यानं बोलत जातो,
रताळ्याच्या भावावर, जावयावर,
कुंद्यात साखर फार घालूलेत यावर.
पोरं बाजूनं सुंईऽ करून निघून जातात,
घड्याळात आमच्याहून लहान आकडे घेऊन.
निंगाप्पा म्हणतो, ‘एवढं बोलतोस म्हणून म्हाईतच नव्हतं बा.’

कधी बोलता बोलता ताल जातो.
वाक्य अर्ध्यात टाकून मी बांधावर टेकतो.
निंगाप्पा मनगट मागतो, बोटं ठेवतो,
ओठ हलवत राहतो.
गडाच्या बुरजावर ऊन आलंय,
खाली भाताची खाचरं अजून निळी.

‘किती?’

‘थांब की. चुकलो.
परत मोजूलोय.’