लॉट नंबर

डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा.
दाबायला रबरी चेंडू दिला.
दोन दिवस दाबला,
तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी क्रिकेटला नेला.

मग शेजारच्या शमशादभाभींनी लांब सुया दिल्या,
दीडशे टाके घालून दिले,
म्हणाल्या, मेस्त्री, ह्यात काय न्हाई.
एक वळ सुलट, एक वळ उलट.
मधी बोलायचं न्हाई.

उद्यमनगरात छत्तीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला मी
लक्ष्मीपुरीत लोकरीच्या दुकानात उभा राहिलो.
दुकानदार म्हणाला, बाईंनी कुठला रंग सांगितलाय?
म्हटलं, बाई नाहीत. मलाच पाहिजे.
तो गप्प झाला, वरच्या फळीवरून चार गुंड्या काढल्या.
ह्या न्या. आपोआप रंग बदलतात.
गाठ नाही, जोड नाही.

रंग बदलताना बघायची मला सवय आहे.
लोखंड आधी काळपट, मग डाळिंबी,
मग शेंदरी, मग पिवळं,
मग असं पांढरं, की डोळे मिटले तरी दिसत राहतं.
पायरोमीटर यायच्या आधी
मीच रंगावरून सांगायचो, ओता.
तीनदा चुकलो.
तिसरी चूक ह्या हातावर आहे.

पण लोकरीचं सांगता येत नाही.
जांभळा चालू असतो,
चहाला उठून परत येतो तोवरही जांभळाच,
आणि मग मांडीवर निळा पडलेला असतो.
कुठल्या टाक्याला झाला?
चष्मा लावून बघितलं. उसवून बघितलं.
उसवतानाही सापडलं नाही.

संध्याकाळी बाबगोंडा येतो, पॅटर्न शॉपचा.
बशीतला चहा फुंकत विचारतो,
ही कुठल्या तालमीची?
पिवळा आला की म्हणतो, उसव, त्यांचा रंग हाय.
फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी
मी सुया आतल्या खोलीत नेतो.

गुऱ्हाळं पेटायच्या सुमाराला चार गुंड्या संपल्या.
अंगावर घेऊन बघितलं,
पाय उघडे.
पाचवी आणली. नंबर तोच, कंपनी तीच,
लॉट वेगळा.
आधीचा हिरवा उसाच्या पात्यासारखा,
हा रंकाळ्याच्या कडेच्या पाण्यासारखा.
दुकानदार म्हणाला, कोण बघतंय एवढं?

मी बघायचो.
प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असायचा, ठोकलेला.
एकदा केरबा पोवारची अख्खी पाळी
मी भंगारात काढली.
रंग एका छटेनं कमी होता, म्हणजे मला तसा वाटला.
तपासणीचा कागद आठ दिवसांनी आला.
माल चांगला होता.
तोवर त्याचा पगार कापला गेला होता,
आणि मी तो कागद
डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला.

पाचवी गुंडी मी तशीच जोडली.
जोड दिसतो. लांबून दिसतो.
शमशादभाभी म्हणाल्या, ह्यो भाग खालनं दुमडा, कळणार न्हाई.
दुमडला नाही.
शेवटची ओळ बंद करायला दोन तास लागले,
करंगळी ऐकत नव्हती.

वडणग्याला सकाळच्या एसटीनं गेलो.
केरबा गोठ्यापुढं उभा होता, केस पिकलेला.
या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.
पिशवीतून काढून मी त्याच्या हातात दिलं.
त्यानं आधी उलटी बाजू बघितली.
आमच्या धंद्यात आधी उलटी बाजूच बघतात.
मग अंगठा फिरवत फिरवत
बरोबर तिथं आला, थांबला.

दोन हीटचा माल हाय, म्हणाला.
म्हटलं, हाय.

तो आणखी थोडा वेळ अंगठा तिथंच ठेवून होता.
मग घडी घालून ते आत घेऊन गेला.
दार त्यानं लावलं नाही.
मी उंबऱ्याशी,
चपला काढायच्या की नाही
ते ठरवत उभा राहिलो.