आजचा भाव

मालवणचा कुबल मी कधी पाहिलेला नाही.
नऊ वर्षं पहाटे चारला नुसता त्याचा आवाज येतो,
मग गगनबावड्याचा घाट चढून
बर्फाखाली बांगडा येतो
लक्ष्मीपुरीतल्या माझ्या ओट्यावर.

मी भोयाचं पोर.
पंचगंगेचे डोह तळापर्यंत ठाऊक,
दर्या फक्त फोनवर ऐकलेला.

सोमवारी तो म्हणाला, "पाणी गरम लागता.
हात घातल्यार आंघोळीचा वाटता. मासो खोल गेलो."
मंगळवारी, "वारोच नाय."
हे इतकं हळू सांगितलं त्यानं
की मी तराजूवरची माशी हाकलायचा थांबलो.
बुधवारी बंदरावर तीन नंबरचा बावटा,
होड्या खाडीत ओढलेल्या.
टीव्हीवर पांढरं काहीतरी गरगरत होतं,
मधोमध भोक, जात्याच्या तोंडासारखं.
प्रणोतीनं पट्टी लावून मोजलं,
"पप्पा, आपल्यापासनं साडेतीन सेंटिमीटर."

गुरुवारी फोन लागला, पण त्यात कुबल नव्हता.
कुणीतरी पत्रा फाडत होतं. बराच वेळ फाडत होतं.
मग एका बाईचं "हॅलो", एवढंच.

त्या रात्री कोल्हापुरात वारा उलटा फिरला.
रंकाळ्याचं पाणी नको त्या काठावर चढलं,
भेळेच्या गाड्यांच्या ताडपत्र्या संध्यामठाकडं उडाल्या.
सकाळी ओठ चाटून पाहिले. मीठ नव्हतं.
एवढ्या लांब कुठलं यायला,
मध्ये अख्खा घाट उभा.

गिऱ्हाईक म्हणतंय, "सुरमई कशी न्हाई?
पाऊस तर थांबला की."
मी कटला पुढं सरकवतो. नंबर लावतो.
ती बाई रोज त्याच गोड आवाजात
तीन भाषांत नाही म्हणते.

आठव्या दिवशी इलाही मुजावर टेम्पो घेऊन आला. रिकामा.
क्रेटच्या तळाशी वाळू आणि आंब्याची हिरवी पानं.
खांब आडवे, म्हणाला. बागा आडव्या.
पुढचं मी विचारलं नाही.
क्रेट धुतले नाहीत.

दहाव्या पहाटे, चारला, अनोळखी नंबर.
"होडयेक शाळेत घातलंय," कुबल म्हणाला,
"भिंत फोडून थेट फळ्यासमोर बसली हा."
हसला. खोकला. मग गप्प.
त्याच्यामागं कुणीतरी बादलीनं पाणी उपसत होतं,
एक, दोन, मी अकरापर्यंत मोजल्या.

"आनी थंय? आज भाव काय?"

ओट्यावर एक मासा नव्हता.
मी भाव सांगितला.
चढाच सांगितला.