रकाना

सोहारला शुक्रवारी उन्हं कलली की
गोदामामागे आम्ही मॅट अंथरायचो,
कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेली, कडेला फाटकी.
मी टेबलाशी. माझं काम लिहिणं.
चढाई, बोनस, पकड, लोण.
दोन पेनं, एक निळं, एक लाल,
आणि वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून वहीवर
क्रेनचा एक गंजका नट.

रघुवीर शिगवण, डावा कोपरा.
घोट्याला जायचा. सगळ्यांना ठाऊक होतं,
तरी सापडायचे.
घोट्याला जायचं म्हणजे डोकं आधी जातं.
मग कानशिलावर गुडघा, भुवईवर टाच,
कधी मदतीला धावलेल्या आपल्याच गड्याचं कपाळ.
आवाज असा काही नसतो त्याला.
ओल्या पोत्यावर थाप मारावी, तेवढाच.
तो उठायचा, कानात पाणी गेल्यासारखं
डोकं झटकायचा,
एक बोट वर करून हसायचा
आणि मी लिहायचो: पकड, एक गुण.

बेशुद्ध? कधीच नाही.
नऊ वर्षांत एकदाही उचलून न्यावं लागलं नाही.
लागलं म्हणावं इतकं
लागलंच नाही कधी.

बाकीचे सहा दिवस त्याच डोक्यावर पिवळं हेल्मेट.
हनुवटीचा पट्टा सैल दिसला तरी पगारातून दोन रियाल.
गेटवर पाटी: अपघाताविना दिवस, दोनशे अकरा.
शुक्रवारी हेल्मेट खाटेखाली असायचं.
शनिवारी पाटीवर दोनशे तेरा.

परवा त्यानं डाळीत मीठ घातलं.
मग घातलं.
तिसऱ्यांदा मी हात धरला तर
माझ्याकडे असं बघितलं
जणू मी दम घेत त्याच्या अंगणात शिरलोय.
एटीएमसमोर उभा राहतो,
चार आकडे ओठांवर येतात
आणि मध्यरेषेच्या अलीकडेच तुटतात.
ट्यूबलाइट लावली की ओरडतो.
ज्यानं उभ्या जन्मात पंचाशी हुज्जत घातली नाही, तो.

डॉक्टर मल्याळी. फोटो उजेडात धरून म्हणाला,
काही दिसत नाही.
मग जरा थांबून, हिंदीत, हळू:
दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही.
किती वेळा लागलं, विचारून ठेवा.

गुहागरहून वहिनींचा फोन आला.
भावजी, तुम्ही तर सगळं लिहून ठेवायचात.

नऊ वह्या काढल्या. खाटेवर मांडल्या.
अकराशे सत्तर पकडी.
प्रत्येकीत एक धरावं? सगळ्यांत नसेल.
काहींत दोन असतील.
सुटलेल्या गड्यांचे तर गुणच नाहीत,
पण गुडघे होतेच की.
आणि सरावाचं कोण लिहितं?
मी बारीक अक्षराचा माणूस,
पाणी प्यायला घेतलेल्या विश्रांतीचीही वेळ टिपणारा;
एवढ्या रेघा मारल्या,
एक रकाना आखला नाही.

आता शुक्रवारी आम्ही बैलांकडे जातो.
वाळूत रिंगण, भोवती म्हातारे, काठ्या, खजूर, थर्मास.
दोन बैल कपाळाला कपाळ लावतात,
धूळ उडते, वशिंडं थरथरतात,
आणि जरा अती झालं की
दोन्हीकडची माणसं पायाशी पडलेले दोर उचलून
ओढून घेतात त्यांना मागे.
मालक बैलाचं कपाळ चोळतो,
कानात काहीतरी बोलतो. अरबीत.

रघू बघत राहतो.
कोण जिंकलं, विचारतो.
काळा, मी सांगतो.
थोड्या वेळानं, कोण जिंकलं?
काळा.

परतताना बंदराच्या भिंतीलगत चालता चालता
मध्येच उभा राहिला.
माझ्या किती रे पकडी? एकूण?
अकराशे सत्तर, मी म्हणालो.
त्यानं बोट वर केलं, हसला,
तेच हसू, सगळं शाबूत.

कँपच्या फाटकाशी पुन्हा विचारलं.
मी हजार सांगितले.
रात्री दिवा मालवल्यावर पुन्हा.
आठशे, मी म्हणालो, आठशेच असतील.

वहिनींना अजून कळवलेलं नाही.