तळाची वाळू

सहा फूट लांब, दोन फूट रुंद,
काच बारा एमएमची.
जावयानं टेम्पोतून आणली,
चौघांनी धरून दुसऱ्या मजल्यावर चढवली,
आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले :
वाळूचं तेवढं तुम्ही बघा, मामा.

शाहूपुरीत अन्वर जमादारच्या दुकानात
पोत्यांची तोंडं उघडीच होती.
निळी, गुलाबी, पोपटी,
अक्षतांसारखी रंगवलेली खडी.
केतकी म्हणाली, पांढरी घेऊया, उजेड पडेल.
शालन म्हणाली, मळली की कोण पुसणार? तू?
अन्वर म्हणाला, काळी न्या काका,
काळ्यावर मासा असा उठून दिसतो,
पांढऱ्यावर बिचारा भिऊन फिका पडतो.

मी काहीच बोललो नाही.
एकेका पोत्यात हात घातला.

एकतीस वर्षं उद्यमनगरात मोल्डर होतो.
आमच्या वाळूला ग्रीन सँड म्हणायचे,
होती मात्र तव्याच्या बुडासारखी काळी.
मूठ आवळायची, उघडायची.
बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले
आणि मधोमध मोडल्यावर कड ढासळली नाही
म्हणजे पाणी बरोबर, बेंटोनाइट बरोबर,
ओता आता लोखंड.
हिंदुराव मिस्त्री तर कण दाताखाली धरून
कुठल्या ट्रकची ते सांगायचा.

इथं मूठ उघडली की सगळं सांडतं.
सांडू दे.
इथं काही ओतायचं नाही.

पांढऱ्यावर लिंबू पिळलं, फसफसली.
शिंपल्यांचा चुरा. पाणी जड करणार. नको.
काळी चमकत होती, पण अंगठ्याखाली टोचली,
फुटक्या काचेची जात.
म्हटलं, अन्वर, तुझा मासा तळाला तोंड लावतो का?
तो म्हणाला, लावतो? अवो, याचं नावच मातीखाऊ.
शेवटच्या टाकीपाशी घेऊन गेला.

मासा डोकं खाली घालतो,
तोंडभर वाळू उचलतो,
चघळतो, चघळतो,
आणि दोन्ही कल्ल्यांतून सोडून देतो.
पुढं सरकतो. पुन्हा.
आत काही राहत नाही.

मी तिथं जरा जास्तच वेळ उभा राहिलो.
माझ्यातली आहे तिथंच आहे.
डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली तेव्हा
दोन्ही बाजूंना बारीक ठिपके.
शालन म्हणाली होती, खसखस पेरल्यागत.
सुकी वाळू यापुढं हातात धरायची नाही, ते म्हणाले,
धरायचीच तर ओली.

कोपऱ्यात एक पोतं होतं, कुणी न विचारणारं.
पंचगंगेचं पाणी उतरल्यावर
घाटाच्या पायरीवर जी राहते, तशी.
तपकिरी, मध्येच पिवळट, एखादा काळा कण.
बोटात गोल फिरली. टोचली नाही.
हिचा रंग कुठला म्हणायचा हो बाबा?
म्हटलं, भिजल्यावर सांगतो.

पाच पोती. गच्चीवर नेऊन
तोंड उघडायच्या आधीच भिजवली.
पहिल्या बादलीचं पाणी चहासारखं,
पाचव्याचं ताकाच्या निवळीसारखं,
आठव्या बादलीत माझी नखं दिसली.

मागं चार बोटं, पुढं दोन, असा उतार दिला.
शालनची परात तळाला ठेवून
परातीवर पाणी सोडलं, हळू,
वाळू उठू नये म्हणून.
तरी संध्याकाळपर्यंत सगळं धूसर.
केतकी काचेला नाक लावून बसली, कंटाळून गेली.

रात्री कोपऱ्यातून एक बुडबुडा वर आला.
सवयीनं मी सायकलची तार शोधली,
साच्याला टोचायचो तशी,
कोंडलेल्या वायूला वाट करून द्यायला.
बाही वर केली, कोपरापर्यंत हात पाण्यात,
आणि थांबलो.

मासे तीन आठवड्यांनी येणार.
ते काम आता त्यांचं.

तार पुसून ठेवली.
केतकीला रंग सांगायचा राहिलाय.