नळीतलं वळण

मुरारच्या तिठ्यावर छावणीने एक रणगाडा उभा केलाय,
सिमेंटच्या ओट्यावर, साखळीच्या कुंपणात.
तोफेच्या तोंडावर पत्र्याची चकती,
चिमण्या शिरू नयेत, पोरांनी गोटे टाकू नयेत म्हणून.
त्यामुळे आत काय आहे
ते या तिठ्यावर दोघांनाच ठाऊक,
मला आणि भदौरियाला.

आत आटे आहेत.
मळसूत्रासारखे, तोंडापर्यंत वळत आलेले.
गोळा त्यांना दातांनी धरून निघतो,
साडेपाच मीटर लांबीत पुरते तीन फेरेही होत नाहीत
(बोहल्यावर याहून जास्त चालावं लागलं मला)
पण तेवढ्यावर तो कोसभर भोवऱ्यासारखा ताठ जातो
आणि चिलखतावर थापला जातो,
भिंतीवर गोवरी थापावी तसा.
मग फुटतो.

भदौरिया भिंडचा. त्याची नळी गुळगुळीत.
म्हणतो, आटे असतील तर तोफ कशाला म्हणता, नट म्हणा.
म्हणतो, आमचा बाण होता, खटके साब, बाण.
सुईएवढा बारीक, शेपटीला पंख.
बाणाला कोणी गरागरा फिरवतं का?
बाहेर पडला की अंगावरचं कडं गळून पडतं
आणि पुढे नुसता वेग.

मी म्हणतो, पंख लावावे लागले ना?
आमच्या गोळ्याला नळीनेच शिकवलं होतं.
तो म्हणतो, शिकवता शिकवता तुमची नळीच झिजते.
हे खरं आहे. मी गजकचा तुकडा मोडतो
आणि थंडीवर बोलतो.

आडनाव खटके,
पण खटका मी कधी ओढला नाही.
मी गोळा भरणारा.
वीस किलोचा, पितळी बुडाचा, मांडीवरून उचलून
मूठ मिटून आत ढकलायचा.
बोटं उघडी ठेवली तर ती तिथेच राहतात,
असं उस्ताद पहिल्या दिवशी सांगायचे
आणि स्वतःचा डावा हात दाखवायचे.
बबीनाच्या माळावर मे महिन्यात
आत भट्टी, कानात घंटा,
आणि मी ओरडायचो, भरला!
त्या एका शब्दासाठी तिघं थांबलेले असायचे.

नळी साफ करताना मात्र चौघं एका दांड्याला.
एकदा ब्रश आट्यांत बसला की
तुम्ही सरळ ढकला, तो वळतोच.
दांडा हातात फिरतो, मनगट त्याच्यामागे.
परवा नातवाची पाण्याची बाटली घासत होतो,
शकुंतला म्हणाली, हात असा काय फिरतोय तुमचा,
सरळ घासा की.
सरळ घासून पाहिलं.
जमलं नाही.

यंदा जानेवारीत रंगवायला आलेल्या पोराने
चकती काढून ठेवली होती.
बाबा, आत बघायचंय का, म्हणाला.
मी बोट घातलं.
गंज, भुशासारखं काहीतरी, आणि त्याखाली
कडा. अजून कडा.
भदौरिया लांब उभा राहून हसला,
मग काठी माझ्याकडे देऊन
त्यानेही बोट घातलं, आणि बराच वेळ काढेना.

त्याच्या गाडीत तिघंच असायचे.
पायाखाली लोखंडी चक्र,
बटण दाबलं की गोळा वर, मागून बारूद वर,
लोखंडी हात सगळं आत सारायचा.
चक्र अडकलं तर शिव्या द्यायच्या, तेही ऐकायला कोणी नाही,
असं त्यानेच एकदा सांगितलं होतं.

बोट आतच ठेवून त्याने विचारलं,
वो चौथा कहाँ खड़ा होता था?

मी ओट्यावर चढलो, गुडघे कुरकुरले,
बुरुजाच्या डाव्या अंगाला तळहात ठेवला.
इथे, म्हटलं. या पत्र्याच्या पलीकडे.
रंग ओला होता.

तो पोरगा वैतागला, पुन्हा ब्रश फिरवायला लागला.
आम्ही हिरव्या बोटांनी
उरलेली गजक खाल्ली.